चाळलेली राख

"किती वर्षं बिडी ओढता?" जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं आन् माझं डोकंच फिरलं. पन्नाशीची बाई मी, बिडीला कधी हात लावला न्हाई. ते शांतपणे म्हणाले, "सीओपीडी आहे." म्हणजे फुप्फुसातल्या श्वासाच्या नळ्या आकसल्यात, त्या पहिल्यासारख्या होणार न्हाईत.

सुरुवात दिवाळीनंतरच्या खोकल्यानं झाल्ती. थंडीचा आहे, म्हणलं. मंग जिना चढताना दम लागायला लागला. आधी एक्स-रे, मंग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायचं. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा अर्ध्यात दम तुटला. बाहेरच्या बाकड्यावर माझ्यासारख्या बऱ्याच बाया खोकत बसल्या होत्या.

घरी गॅस आहे, चुलीचा धूर न्हाई, मंग धूळ कुठली, असं डॉक्टरांनी खोदून विचारलं. तेव्हा सांगितलं. आम्ही साखर कारखान्याजवळ राहतो. हंगाम सुरू झाला की धुराड्याची काळी राख गच्चीवर पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. मी आन् माझी जाऊ सुमन ती वाया जाऊ द्यायचो न्हाई. झाडून गोळा करायची, जुन्या लुगड्यातून चाळायची, डब्यात भरायची. भांडी लख्ख निघायची, साबणाची काय बिशाद! गप्पा मारत चाळायचो, तोंडाला पदरसुद्धा न्हाई. सुमन दोन वर्षांमागं दम लागून गेली. दमा होता, असं आम्ही धरून चाललो.

डॉक्टर म्हणाले, "हवा तर सगळ्यांचीच खराब आहे. तुम्ही तर राख नाकाजवळ नेऊन चाळली."

ऐकलं आन् लेकच आठवली. माझी लेक शोभा राजूरला दिलीय, सात महिन्यांची गरोदर आहे. दर संक्रांतीला मी तिला डबाभर राख द्यायची, मोठ्या कौतुकानं. बाहेर येऊन फोन केला, राख फेकून दे म्हणलं.

"आई, तुझी कधीच संपली. आता मी इथल्या वीटभट्टीची आणून चाळते, तुझ्यासारखीच."

आता हातसुद्धा लावू नको, म्हणलं. दुसऱ्या दिवशी राजूरला गेले. चाळायचं लुगडं दारातच होतं, मीच दिलेलं. पाणी ओतून राख भिजवली, लुगड्यासकट खड्ड्यात पुरली. तेवढ्यात तीनदा खाली बसावं लागलं.

बायांनो, राख चाळू नका. झाडायचीच तर पाणी मारून, तोंड बांधून झाडा. डॉक्टरांनी खोदून विचारलं, त्यांचे उपकार हायेत माझ्यावर. श्वासाच्या औषधाचा पंप ओढून माझे दिवस बराबर चाललेत.

शोभाला आठ दिवसांपासून खोकला आहे. थंडीचा आहे, म्हणते.