व्याख्यानातली सात मुलं

म्हैसूरच्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवत होतो तेव्हा एम.ए.च्या वर्गाला एक अमेरिकन कादंबरी नेमलेली असे. दूर देशातून येऊन गवताळ माळरानावर वसलेलं एक गरीब कुटुंब, त्यातली एक मुलगी आणि तिच्या शेजारी वाढलेला एक मुलगा. मुलगा शिकून शहरात जातो, मोठा होतो. मुलगी शेतात राबते. वीसेक वर्षांनी तो तिला भेटायला जातो, तेव्हा ती पोराबाळांच्या गराड्यात उभी असते, थकलेली आणि तृप्त.

आमच्या विद्यार्थ्यांनी बर्फ पाहिलेला नव्हता, आणि नांगर म्हटलं की त्यांना सुट्टीतला आजोळचा कंटाळा आठवायचा. पुस्तक त्यांच्या जवळ यावं म्हणून मी माझी स्वतःची गोष्ट सांगू लागलो.

गोष्ट अशी. राज्यांच्या सीमा नव्याने आखून झाल्या त्या सुमाराला आमच्या अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मण आळीतल्या, घरामागे सोलापूरकडचं एक रंगाऱ्याचं कुटुंब राहायला आलं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, नऊ वर्षांची. कोपरापर्यंत हात निळे. तिला कन्नडचं अक्षर येत नव्हतं. आमच्या पायरीवर बसून मी तिला शिकवलं. पुढे तिचं लग्न पिरियापट्टणला तंबाखूवाल्याच्या घरी झालं. तिथे ती पुरुषासारखा नांगर धरते. खूप वर्षांनी मी गेलो, तेव्हा तंबाखूच्या बार्नच्या, म्हणजे पानं भाजायच्या भट्टीघराच्या, दारात ती उभी होती, आणि तिच्या मागून एकेक करत सात मुलं बाहेर आली.

इथे मी थांबत असे. चष्मा काढून पुसत असे. चष्मा स्वच्छच असायचा.

या व्याख्यानाची ख्याती झाली. बाहेरचे पाहुणे आले की प्राचार्य त्यांना माझ्या वर्गात आणून बसवत. एकदा मला शाल आणि म्हैसुरी पेटा मिळाला. सत्कारसमारंभांची टिंगल करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती, तरी तो पेटा मी भाषणं संपेपर्यंत डोक्यावर सरळ राहील अशा बेताने बसून होतो.

यातलं कुटुंब खरं होतं, निळे हात खरे होते, पायरीवरचं कन्नडही खरं होतं. पण त्याच पायरीवर ती मला मराठी शिकवायची, हे मी गाळत असे. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहून आमच्या घरची मराठी निम्मी कन्नड झालेली. "सुम्मने बसलोय" असं मी म्हटलं की ती टपली मारून म्हणायची, "उगाच म्हण. उगाच बसलोय." कादंबरीत शिकवणारा एकच होता, म्हणून मीही एकच ठेवला. नांगर तिने जन्मात धरला नव्हता. तो पुस्तकातून आला. आणि पिरियापट्टणला मी कधी गेलोच नव्हतो.

तिने मात्र बोलावलं होतं. लग्नानंतर दोन वर्षांनी कार्ड आलं: मुलगा झालाय, बारशाला ये, सकाळच्या बसने निघालास तर वेळेवर पोचशील. मी तेव्हा उत्तरपत्रिका तपासत होतो. नंतर जाऊ म्हटलं. पिरियापट्टण दोन तासांवर आहे. परीक्षक म्हणून मी धारवाडपर्यंत हौसेने जात असे.

व्याख्यान असं वीस वर्षं चाललं. मग एके दिवशी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी वही छातीशी धरून माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"सर, ती माझी आत्या," ती म्हणाली. बाकी सगळं कन्नडमध्ये, आत्या एवढंच मराठीत.

"कोण?"

"तुमच्या गोष्टीतली. सुट्टीत गेले तेव्हा वही वाचून दाखवली मी तिला. तिनं तुम्हाला बोलावलंय."

"रागावल्यात का?"

"हसली, सर. मग जेवली नाही."

ते ऐकल्यावर न जाणं शक्य नव्हतं. रविवारी मी सकाळच्या बसने गेलो.

घरालगतच्या पडवीत ती गोणपाटावर बसली होती. भोवती वाळलेल्या पानांचे ढीग. केस पांढरे, हात कोरडे, तपकिरी. तंबाखूचं पान भट्टीतून निघालं की लिलावाआधी रंगावरून त्याची प्रत लावतात, आणि हे काम ती साऱ्या गावाचं करते, हे मला वाटेत रिक्षावाल्याकडून कळलं. रंगाऱ्याची लेक, दोन पिवळ्यांमधला फरक तिला लांबून दिसायचा. इतकी सुंदर गोष्ट मला कधी सुचली नव्हती. ती खरी होती आणि बसभाड्यात मिळत होती.

"ये," ती म्हणाली. "बस. पोरं सगळी शेतावर गेलीत माझी. येतील इतक्यात."

मी उभाच राहिलो.

"अरे बस की. भाचीच्या वहीत सात आहेत. तिच्या मैत्रिणीच्या वहीत आठ आहेत म्हणे. नक्की किती दिलीस मला?"

"सात."

"आणि पहिल्या वर्षी किती होती?"

"एक."

"म्हणजे कार्डातला." तिने हातातलं पान उजेडात धरलं आणि ढिगावर टाकलं. "मग मीच पाठवला म्हणायचं. अडीच वर्षांचा होऊन गेला तो. तापानं. पुढे काही झालं नाही."

मला काही तरी बोलायला हवं होतं. वीस वर्षं मी त्या मुलाला सहा भावंडांच्या पुढे बार्नमधून बाहेर आणत होतो. पहिला तोच येई, दंगा करत, आणि वर्ग हसत असे. मी म्हणालो, "मला कळवलं का नाहीस?"

"बारशाचं कळवलं तेव्हा आला नाहीस. ह्याला आला असतास?"

तिने पुढचं पान उचललं.

"त्या पुस्तकातला माणूस तिला भेटायला जातो ना रे?"

"जातो."

"मग सगळं पुस्तकातनं घेतलंस, तेवढंच कसं सुटलं?"

मी क्षमा मागितली. व्याख्यानाची सवय असलेल्या माणसाची क्षमा लांबते. तिने मध्येच हात वर केला. "ते असू दे. एक काम कर माझं. सहा तुझी आहेत, ठेव, वाढव पाहिजे तर. तो माझा आहे. त्याला वर्गातनं काढ. कुणाच्या वहीत तो नको मला."

"काढतो," मी म्हणालो. तिने जेवायला वाढलं. बस सुटायच्या आधी तिने विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, नक्की.

पुढे सहा आठवड्यांनी उत्तरेकडून एक मोठे प्राध्यापक आले. सभागृह, समई, चंदनाचा हार. प्राचार्यांनी मला न विचारता जाहीर केलं की आता मी माझी ती प्रसिद्ध आठवण सांगेन. नाही म्हणता आलं असतं. खोकला आलाय असंही सांगता आलं असतं. पण मला वाटलं, इथेच सगळं खरं सांगून टाकावं. एवढ्या लोकांसमोर मान खाली घातली की फेड होईल.

मी बार्नच्या दारापर्यंत आलो आणि थांबलो. म्हणालो, यातलं बरंच मी रचलं. मी तिच्याकडे गेलो नव्हतो. तिला एकच मुलगा झाला, त्याच्या बारशाला तिने बोलावलं, मी गेलो नाही, आणि अडीच वर्षांचा असताना तो तापाने गेला.

मग टाळ्या पडल्या, बराच वेळ. पाहुण्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि शेवटची कलाटणी अतिशय परिणामकारक असल्याचं सांगितलं. हात सोडवून घेताना मला तिसऱ्या रांगेत तिची भाची दिसली. तिच्या भोवतालचे सगळे विद्यार्थी लिहीत होते. ती लिहीत नव्हती. त्यांच्या वह्यांत मुलगा उतरत होता, वयासकट, तापासकट.

भाची तिकडे जाऊन सांगण्याआधी मीच सांगावं, म्हणून त्या रविवारी परत गेलो. त्यातही मला स्वतःचाच बचाव दिसत होता, तरी गेलो.

ती तिथेच बसली होती. मी चप्पल काढली आणि सगळं सांगितलं. या वेळी ते चार वाक्यांत संपलं.

"किती लोक होते?" तिने विचारलं.

"दोन-अडीचशे."

"टाळ्या पडल्या?"

"पडल्या."

ती बराच वेळ पानं उलटत राहिली. जा म्हणेल असं वाटलं. मी तसं ऐकायच्या तयारीने उभा होतो, जवळजवळ आशेनेच.

मग तिने एक ढीग पायाने माझ्याकडे सरकवला. "डागाची पानं वेगळी कर. आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलू नकोस."

मी बसलो. डाग कशाला म्हणतात ते मला कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. चार वाजेपर्यंत माझे दोन ढीग झाले. तिने ते दोन्ही एकत्र केले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले.