भोपळ्याचे नवरदेव

शेजारच्या काकूंच्या एकुलत्या एका भोपळ्याच्या वेलावरचे सगळे नवरदेव मी एका सकाळी बेसनात बुडवून तळले. मी तेव्हा नवी सून, शहाणपणाने नुसती उतू जात होते. नर फुलांना फळ धरत नाही, एवढं कुठूनसं ऐकलेलं. म्हणजे ती बिनकामाची, असा माझा सरळ हिशोब. कुंपणावरून हात घालून कळ्यांसकट खुडली आणि वर ताटलीभर गरम भजी काकूंनाच नेऊन दिली!

नाशकात भाज्या लावणारे पुष्कळ. पण भाज्यांना पोटच्या पोरांसारखं फैलावर घेणारी बाई ही एकच. चैत्रात वाफे उकरून तापत ठेवायच्या आणि कुणी त्यावरून गेलं की स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "माती झोपलीय, पाय काढ!" पावसाळ्यात दोडका मांडवावर चढायला रेंगाळला, की त्याला शेजारच्या कारल्याचं उदाहरण देत. आणि थंडीत टोमॅटोच्या रोपांना काकांचा मफलर. काका बिचारे ओझरला कामावर जायला कानांवर हात ठेवून बसची वाट बघत. ते कुरकुरले, तर म्हणायच्या, "तुम्हाला गारठलं तर तुम्ही बोलून दाखवता. रोपांनी काय करायचं?"

जीव मात्र त्या भोपळ्यात. घोटीकडच्या माहेराचं ते बी. भावाने जमीन विकली, तिकडचे वेल संपले. इकडे साठवलेल्या बिया उंदरांनी फस्त केल्या. राहिल्या त्या पेरल्या, त्यातली एकच उगवली. हे सगळं मला काकांकडून कळलं, तेही भजी तळून झाल्यावर. काकूंनी तेव्हा नुसती ताटली घेतली, दार लावलं.

मग रोज सकाळी पोटाशी सुपारीएवढं फळ घेऊन मादी फुलं उमलायची, आणि नराविना पिवळी पडून गळायची. मी खिडकीतून गळालेली फुलं मोजायची. शेवटी एकदा उजाडता उजाडता हाक आली, "ए भजीवाली, छत्री घेऊन ये!"

भिंतीपलीकडे बोळात लोंबणाऱ्या शेंड्याला एक नर फूल आलं होतं. भुरभुर पाऊस. मी छत्री धरली. काकूंनी पाकळ्या सोलल्या, आतला दांडा मादी फुलात अलगद फिरवला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "सावधान!" वऱ्हाडात मी एकटीच.

फळ धरलं. वेल वाळेपर्यंत काकूंनी त्याला कुणाला बोट लावू दिलं नाही. मग बिया काढून, राखेत घोळवून डब्यात. तेव्हापासून दर श्रावणात लग्न काकूंकडे आणि छत्री माझ्याकडे.

आता मी आजी झाले, आणि काकूंना नर-मादी सोडाच, वेल कुठला नि सुतळी कुठली तेही दिसत नाही. परवा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. निघताना बियांचा डबा त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवला, गाडीत बसल्या आणि काच खाली करून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पेरणीचं काहीतरी राहिलं असेल सांगायचं.

"तेव्हा रागात होते म्हणून बोलले नाही. भजी फक्कड झाली होती गं. सगळी मीच खाल्ली, ह्यांना एकसुद्धा दिलं नाही."