दुपट्ट्याखालचा सौदा

विमान कंपनीने मला फसवलं, आणि मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला पुढे करून एका वयस्क बाईंना फसवलं. आधी कोणी फसवलं याला माझ्या लेखी महत्त्व आहे, म्हणून क्रम असा ठेवला. बायको म्हणते, क्रमाने काही फरक पडत नाही. पडतो. पण त्या दिवशी वाटला होता तेवढा आता वाटत नाही.

मी दिग्रसला जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. त्याआधी कित्येक वर्षं बैलबाजारात दलाली केली. वडिलांकडून मला शेत मिळालं नाही की दुकान, मिळाला तो आवाज आणि राग. बाकीचं बाजारात शिकलो. तिथे मोठा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची आणि दाबून आकडा सांगायचा. भोवती माणसांचा घोळका असतो. सगळे तुमच्या तोंडाकडे पाहत असतात आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नसतं. ज्याचा चेहरा बोलतो त्याचा बैल स्वस्तात जातो. माझा चेहरा कधी बोलला नाही. राग आला तरी तो मी भाव पाडण्यासाठी वापरला.

बायकोचा भाऊ बंगळुरूला नोकरी करतो. त्याने तिथे घर घेतलं आणि वास्तूला बोलावलं. आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, पाच वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, पहिल्यांदा विमानाने जाणार होतो. नागपूरहून. मेहुणा वर्षातून दोन-चारदा उडणारा, त्याने फोनवर मला शाळा शिकवली.

"भाऊजी, लेकरं असले का सीट आधीच निवडून ठेवा. पुढची ओळ घेऊ नका, तिथं पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, बिस्किटाचा पुडा वर अडकून राह्यते अन् पोट्टं खाली बोंबलते. पंखावरची घेऊ नका, खिडकीतून नुसता पत्रा दिसते. शेवटची मागं झुकत नाही. मधातली घ्या. तिघं एका रांगेत, चौथा वाटेच्या पल्याड."

"अन् त्याचे पैसे?"

"लागते थोडेसे."

मोबाईलवर विमानाचा नकाशा उघडला. चौकोनच चौकोन, आणि प्रत्येकावर वेगळी किंमत. खिडकीची निराळी, पाय पसरायला जागा असलेली निराळी. माझं डोकं तापलं. तिकीट घेतलं त्यातच बसणं आलं नाही का? मी आयुष्यात इतके बैल विकले, पण बैल विकून शिंगांचे वेगळे पैसे कोणाकडून घेतले नाहीत.

बायको म्हणाली, "अहो, देऊन टाका ना. लेकरं आहेत सोबत."

"तू थांब. बाजार उठता उठता भाव पडते."

हा माझा जुना नियम. ऊन उतरायला लागलं की विकणारा घाबरतो, कारण न विकलेलं जनावर परत घरी चालवत न्यावं लागतं, त्याला चारा घालावा लागतो. मग तो सकाळी ज्याला हाकलून दिलं त्यालाच हाक मारतो. रिकाम्या खुर्चीचं तर त्याहून वाईट. दार लागलं की तिची किंमत शून्य. म्हणून शेवटपर्यंत थांबायचं, काउंटरवर जायचं आणि चांगल्या जागा उतरत्या भावाने किंवा फुकटात उचलायच्या, असं मी ठरवलं. विचार बरोबरच होता. फक्त त्या दिवशी रिकामी खुर्ची एकही उरली नव्हती.

काउंटरवरची मुलगी गोड बोलत होती. "सर, दोन सीट सोबत आहेत, त्या मॅडमना आणि छोट्याला देते. तुमची आणि मुलीची मागे-पुढे. दोन्ही मधल्या."

"पाच वर्षांची पोरगी अनोळखी माणसांमधात एकटी बसन?"

"सर, सीट आधी सिलेक्ट केल्या नव्हत्या ना."

"आता पैसे घ्या. शेवटचं सांगा ताई."

ती हसली. माझ्या मागे उभा असलेलाही कोणीतरी हसला. "आता सीटच नाहीत सर. आत गेल्यावर रिक्वेस्ट करा. लहान मूल बघून कोणीतरी ॲडजस्ट करतंच."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. बापाजवळची जागा त्यांनी दुसऱ्याला विकली आणि मला आत मागायला पाठवलं. मी कोणासमोर हात पसरून उभा राहणारा माणूस नाही. माझ्या डोक्यात राग होता आणि रागात माझं डोकं जास्त चालतं, असा माझा समज होता.

बायको मुलाला घेऊन बाथरूमला गेली. मी मुलीला जवळ ओढलं आणि गळ्यातला दुपट्टा आमच्या हातांवर टाकला. हा खेळ तिला माहीत होता. घरी ओट्यावर आम्ही तिच्या बाहुलीचा सौदा असाच करायचो.

"पाहा, विमानात मी तुझा अंगठा दाबीन. दाबला का रडजो."

"काहून?"

"मंग आपल्याले सोबत बसाले भेटते."

"खरं रडू का खोटं?"

"खोटं. पण खरं वाटलं पायजे."

"दुखल्यावर रडते तसं?"

"हो. तसंच."

तिने ओठ काढला, नाक फुगवलं आणि करून दाखवलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मी तिच्या पाठीवर थाप मारली. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. माझी पोरगी शोभते, असं मनात म्हणालो.

आत मुलीच्या रांगेत खिडकीशी एक बाई बसल्या होत्या. साठीच्या असतील, सुती लुगडं, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. वाटेकडच्या जागेवर गाणी ऐकायचं यंत्र कानात घातलेला एक तरुण डोळे मिटून होता. माझी जागा त्यांच्या पुढच्या रांगेत, मधली. बायको आणि मुलगा वाटेच्या पलीकडे. मी माणूस निवडण्यात चुकत नाही. तरुण उठणार नव्हता. बाई उठतील, हे मी त्यांच्या पिशवी धरण्यावरून ओळखलं.

"काकू, पोरगी लहान आहे हो. तुम्ही माझ्या जागेवर बसता का? पुढचीच आहे."

त्यांनी पुढची जागा पाहिली. "मधातली आहे ना ती?"

"मधातली आहे, पण पुढं आहे."

"नाही, काय आहे भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती, "मी पहिल्यांदा बसून राह्यली. पोराने मुद्दाम खिडकी घेऊन देली. म्हणे, आई, वरून पाहजो."

इथे मी थांबायला हवं होतं. पण समोरचा कारण सांगायला लागला की तो अर्धा तयार झाला, हे मला बाजाराने शिकवलं होतं. मी वाकून मुलीच्या मांडीवर दुपट्टा टाकला आणि त्याखाली तिचा अंगठा दाबला.

तिने मान वर केली आणि विमानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाबा, आता रडू का?"

मागच्या रांगेतून कोणीतरी फस्सकन हसलं. "रड बेटा, मजबूत रड!" दुसरा म्हणाला, "ट्रेनिंग देऊन आणलं दिसते." डोळे मिटलेल्या तरुणानेही डोळे उघडले. बायको पलीकडून माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं कळलं होतं.

माझा चेहरा त्या दिवशी बोलला. कान तापले ते मला कळत होतं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, पिशवी छातीशी धरली आणि मुलीला म्हणाल्या, "नको रडू माय. बस तू. मी जातो तिकडे."

तेव्हाही मला म्हणता आलं असतं, की काकू, बसा, राहू द्या. दोन शब्दांचं काम होतं. पण मिळालेला माल परत करायची मला सवय नाही. मी बाजूला सरलो, त्यांना जाऊ दिलं, मुलीला खिडकीशी सरकवलं आणि मधल्या जागेवर बसलो. सौदा झाला होता. चांगली जागा, फुकटात.

विमान वर गेलं तेव्हा पुढच्या खुर्च्यांच्या फटीतून मला त्या दिसत होत्या. शेजारच्या माणसाच्या खांद्यावरून बाहेर काही दिसतं का, म्हणून मान लांब करत होत्या. माझ्या मुलीने थोडा वेळ ढग पाहिले. मग ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तिने खिडकीची झडप खाली ओढली. मी ती उघडली नाही. राग अजून उतरला नव्हता आणि तो काढायला जवळ तीच होती.

"मोठ्यानं काहून विचारलं तू?" मी दातांत बोललो. "सगळ्याइनं आयकलं. आता मी सांगितल्याबिगर रडायचं नाही. बिलकूल नाही. समजलं?"

तिने मान हलवली.

विमान उतरायला लागलं तसे कानांना दडे बसले आणि पलीकडे मुलगा किंचाळायला लागला. बायको त्याला घोट घोट पाणी पाजत होती. मला आतून थोडं समाधान वाटलं, की माझ्याकडचं लेकरू शांत आहे. तेवढ्यात माझा अंगठा कोणीतरी दाबला. दुपट्टा अजून आमच्या दोघांच्या मांडीवर पडला होता आणि त्याच्याखाली मुलीचा हात होता. मला वाटलं, खेळते आहे. तिने परत दाबला. मी म्हणालो, "आता नाही." तिने आणखी जोरात दाबला, नख लागेल इतका. मी हात काढून घेतला.

"अहो!" बायको ओरडली. "तिच्या कानाकडे पाहा!"

मी पाहिलं. मुलीचा एक हात कानावर घट्ट होता. सगळा चेहरा ओला होता, हनुवटीवरून पाणी फ्रॉकवर गळत होतं, आणि तोंड तिने दाबून बंद केलं होतं. आवाज नव्हता.

"माय, दुखते का? मंग रडली काहून नाही?"

तिने तोंड उघडलं तेव्हा आधी नुसता श्वास निघाला. मग म्हणाली, "तुम्ही दाबलंच नाही. मी विचारलं तं तुम्ही हात काढला."

मी तिला छातीशी धरलं, तिला पाणी पाजलं, बायकोने फेकलेली चोखायची गोळी तिच्या तोंडात घातली. पुढच्या खुर्चीवरून बाई वळून पाहत होत्या. मघाचे हसणारे परत हसले असते तर बरं झालं असतं.

उतरताना सगळे वाटेत उभे होते. बाई नेमक्या आमच्या पुढे. मला माफी मागायची होती आणि ती कशी मागतात ते मला सुचत नव्हतं. मी कोणाला मागितलेलीच नव्हती. मी शब्द जुळवत होतो, तोवर त्यांनी मुलीच्या गालावर हात ठेवला.

"काय काय दिसलं गं खिडकीतून?"

"ऊन लागत होतं," मुलगी म्हणाली, "तं बंद केली."

"हो का," बाई म्हणाल्या. आणि रांग पुढे सरकली.

बंगळुरूच्या घरी बायकोच्या भावाने हा किस्सा सगळ्यांना सांगायला लावला. 'आता रडू का?' इथपर्यंत मीच सांगितला, हावभावांसकट. लोक पोट धरून हसले. कोणी चहा मागायचा तर म्हणायचा, "आता रडू का?" मीही हसलो. पुढचा भाग मी सांगितला नाही आणि बायकोनेही सांगितला नाही. तिने फक्त माझा दुपट्टा धुऊन घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवला. परत येताना मी जागा आधी निवडल्या, पैसे देऊन, मधातल्या ओळीतल्या.

दिग्रसला आल्यावर एका दुपारी मुलगी ट्रॅक्टरच्या पायरीवरून पडली. गुडघा चांगला सोलला होता. ती उठली, माझ्याकडे चालत आली आणि तिने माझा अंगठा धरला. दाबला नाही, नुसता धरून उभी राहिली.

"रड ना माय," मी म्हणालो. "रड, दुखते ना."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "मोठ्यानं का हळू?"

माझ्या अंगणात दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यासमोर मी तिच्यापाशी खाली बसलो.

परत आल्यावर मी विमान कंपनीला फोन केला होता. तिकडच्या माणसाने वाचून दाखवल्यासारखं सांगितलं, की जागा आधी निवडण्याची सुविधा आपल्याला दिली होती. सुविधा! मी भांडलो, आवाज चढवला. मग त्याने विचारलं, आपलं नेमकं काय नुकसान झालं सर? आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आकडा सांगता आला नाही. मी फोन ठेवला.

पण प्रश्न मी सोडलेला नाही. माझ्या वाटणीचं वर लिहिलं आहे, त्यात कमी करून काही सांगितलं नाही. त्या बाईंची खिडकी मी घेतली. मुलीचं रडणं मी विकायला काढलं, ते मीच केलं. आता कंपनीवाल्यांनो, तुमच्या वाटणीचं तुम्ही बोला. पाच वर्षांच्या लेकराने बापाजवळ बसणं, हा तुमचा माल कसा झाला? ज्या जागेवर त्या पोरीला एकटी बसवायला निघालात, तिथे ती घाबरली असती, तिचे कान दुखले असते, तर तिने कोणाचा हात धरायचा होता? 'आत जाऊन रिक्वेस्ट करा' म्हणून मला पाठवलंत, तेव्हा मी काय पुढे करून मागणार होतो असं तुम्हाला वाटलं? माझ्याजवळ तिच्याशिवाय होतं काय?

उत्तर द्या. आणि तोंडाने द्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दुपट्ट्याखाली नको.