भरू न दिलेले डबे

सगळे त्याला मुकादम म्हणत, पण त्याच्या हाताखाली जन्मात कधी माणूस नव्हता. होते ते कचऱ्याचे डबे. दुकान तीन मजली होतं. तळाला किराणा, मधे कपडे आणि वर भांडीकुंडी, शिवाय आइस्क्रीम आणि सरबताचा काउंटर. खालचे दोन मजले त्याच्याकडे, वरचा त्याच्या धाकट्या बहिणीकडे. सव्वीस वर्षांत त्याच्या मजल्यावर एकाही डब्याचं झाकण कचऱ्याने वर उचललं गेलं नव्हतं, आणि हे तो इतक्यांदा सांगायचा की वॉचमन त्याला लांबून येताना बघूनच जांभई द्यायचा.

त्याची पद्धत साधी होती. डबा पाऊण भरला की उचलायचा. पूर्ण भरायची वाट बघतो तो आळशी, असं त्याचं ठाम मत. खोकी डब्यात कोंबायची नाहीत, सपाट करून भिंतीला लावायची. कागदी पेले एकात एक घालून ठेवायचे, उरलेलं सरबत आधी बालदीत ओतायचं. आणि डब्याच्या तळाशी, पिशवीच्या खाली, चार कोऱ्या पिशव्या घडी करून ठेवायच्या. भरलेली वर ओढली की नवी हाताशी तयार. कोणत्या डब्याला किती वाजता भूक लागते हे त्याला पाठ होतं. बायको म्हणायची, "डब्यांची एवढी काळजी, पोरांच्या शाळेचा वर्ग कुठला ते विचारा बघू ह्यांना." तो बिचारा खरंच अडखळायचा.

ही पद्धत त्याने बहिणीला शिकवली, त्याला अकरा वर्षं झाली. नवऱ्याने सोडल्यावर ती दादाकडे आली आणि दोन वर्षं बाहेरच्या खोलीत, पडद्याच्या मागे झोपली. वहिनी काही वाईट नव्हती. पण दोन खोल्या, तीन पोरं, आणि वर ही. धाकटी पुन्हा वाढून घेताना आधी वहिनीकडे बघायची, न्हाणीघरात गेली की नळ बारीक सोडायची. ते त्याला बघवत नसे. त्याने मॅनेजरबाईंच्या हातापाया पडून तिला वरच्या मजल्यावर कामाला लावलं. सहा महिन्यांत तिने स्वतःची खोली घेतली. एकच खोली, एकच खिडकी, पण दार आतून लावता येणारी. पहिल्या दिवशी तिने त्याला चहाला बोलावलं आणि साखर डब्यातून न मोजता घातली. त्या खोलीवर तिचा जीव होता. नोकरी गेली तर खोली जाणार, आणि खोली गेली तर पुन्हा तो पडदा, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

मग एका सोमवारी मॅनेजरबाईंनी सगळ्यांना बोलावलं. वरून हुकूम आला होता. एक मुलगी पंधरा दिवस येणार, रोज चार वेळा प्रत्येक डब्याचा फोटो काढणार, आणि डबे किती भरतात ते बघून कुठे किती माणसं लागतात ते ठरणार. "तुम्ही नेहमीसारखं काम करा," बाई म्हणाल्या. असं कोणी म्हणालं की समजावं, आता काहीच नेहमीसारखं राहणार नाही.

वॉचमनला सगळं आधी कळतं. तो म्हणाला, "मुकादम, पंधरा दिवस जरा हात आखडता घ्या." मुकादमाने त्याला झुरळासारखं झटकलं. धाकटीच्या मात्र ते लगेच डोक्यात शिरलं. दुपारी मागच्या अंगणात खोकी बांधताना तिने विषय काढला.

"दादा, पंधरा दिवस मी डबे भरू देणार आहे. झाकण वर आलं तरी."

"वेड लागलंय का तुला? भरलेला डबा बघून कोणी शाबासकी देतं का?"

"शाबासकी कोणाला हवीय? डबे रिकामे दिसले तर म्हणतील, इथे माणूस कशाला हवा?"

"आणि भरलेले दिसले तर म्हणतील, ही बाई कामचुकार. उद्यापासून येऊ नकोस."

"म्हणू देत. तू तुझ्या मजल्यांवर काय हवं ते कर, तुझं सव्वीस वर्षांचं नाव आहे. माझ्या मजल्यावर येऊ नकोस. शब्द दे मला."

त्याने शब्द दिला. मनातून त्याला वाटत होतं, पोरगी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतेय.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पिशव्या आणायला वर गेला. धाकटी जेवायला गेली होती. काउंटरजवळच्या डब्याचं झाकण अर्धवट उघडं, त्यातून चिकट पेले बाहेर आलेले, एक ओघळ थेट फरशीपर्यंत. एक बाई नाकाला पदर लावून लेकराला ओढत होती. आणि जिन्यावर त्या फोटोवाल्या मुलीची पावलं. आज हिची नोकरी गेली, एवढंच त्याला दिसलं. त्याने पिशवी ओढली, वरचा अर्धा कचरा दुसऱ्या पिशवीत घेतला, झाकण फडक्याने पुसलं, आणि मुलगी वर पोचेपर्यंत मागच्या दाराने खाली. बहीण वाचली म्हणून त्याने अंगणातल्या नळावर तोंड धुतलं आणि स्वतःशीच हसला.

मग ते रोजचं झालं. सकाळच्या दोन फोटोंना डबे तसेही भरलेले नसत. दुपारी ती जेवायला गेली की एकदा, संध्याकाळी ती खोकी घेऊन अंगणात उतरली की एकदा. स्वतःचं जेवण त्याने बारा दिवस उभ्याउभ्या उरकलं.

धाकटी काही दुधखुळी नव्हती. तिने विचारलं, "दादा, तू वर येतोस का रे?"

"मी? मी कशाला येऊ? शब्द दिलाय ना तुला."

दादा आजवर तिच्याशी खोटं बोलला नव्हता, तिने विश्वास ठेवला. मग काउंटरवरच्या पोरीच उचलत असतील, असं धरून ती त्यांच्याशी कडाकडा भांडली. त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. त्याने खालून ते ऐकलं आणि डबा पुसत राहिला. मनाशी म्हणाला, संपतील हे पंधरा दिवस, मग सांगू, आपण सगळे हसू.

निकाल आला. खालचे डबे पाऊण भरतात, वरच्या मजल्यावर डबे अर्ध्याच्या पुढे जातच नाहीत, तिथे वेगळ्या माणसाची गरज नाही. वरचा मजला मुकादमाकडे, धाकटीला महिनाअखेरपर्यंत मुदत. शिवाय मॅनेजरबाई त्याला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने तुमची पद्धत अगदी बरोबर उचलली हो. वाईट वाटतं."

दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या सकाळी टोपी हातात घेऊन तो बाईंच्या टेबलापुढे उभा राहिला.

"मॅडम, ते डबे मी उचलत होतो. वरचे. तिचे डबे भरायचे, वाहायचे सुद्धा. परत मोजा."

बाईंनी चष्मा काढला. "वाहायचे? मग तिने का नाही उचलले?"

खरं सांगावं तर बहीण कामचुकार ठरत होती, त्याहून खरं सांगावं तर लबाड. बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी खणातून एक कागद काढला. "तिने शिफारस मागितली होती. मी लिहिलंय की अकरा वर्षांत तिच्या मजल्यावर एकही डबा ओसंडला नाही. तुम्ही म्हणता ते मी वर कळवलं, तर हे मला फाडावं लागेल. काय करू?"

त्याने कागद वाचला आणि परत टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "राहू द्या, मॅडम. मी काही बोललो नाही."

महिनाअखेरी तो तिची खोली आवरायला गेला. त्याने पुन्हा विनवलं, "घरी चल. वहिनीने स्वतःहून सांगितलंय, तुझी आण." ती मानेनेच नाही म्हणाली. दुसऱ्या गावी एका म्हाताऱ्या जोडप्याकडे काम मिळालं होतं. चोवीस तास तिथेच राहायचं, झोपायचं म्हातारीच्या खोलीत, तिला रात्री उठावं लागतं म्हणून. दार आतून लावायचा प्रश्नच नव्हता.

"हे वाच रे जरा," तिने शिफारशीचा कागद पुढे केला. "चष्मा बांधला गेला बघ सामानात."

त्याने वाचायला घेतलं. काम नीटनेटकं, वागणं सचोटीचं. एकही डबा ओसंडला नाही, तिथे आला आणि त्याचा आवाज बसला. त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कागदावर पडू नये म्हणून त्याने हात लांब धरला.

धाकटी त्याच्याकडे बघत होती. बघता बघता तिचा चेहरा बदलत गेला.

"तूच होतास," ती म्हणाली.

त्याने होकाराची मान हलवली.

"मी त्या काउंटरवरच्या पोरींना नाही नाही ते बोलले, दादा. तुला विचारलं होतं मी. तोंडावर विचारलं होतं."

"तुला काढतील असं वाटलं गं मला. खरंच वाटलं. तुझ्यासाठीच..."

"एक गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. अख्ख्या जन्मात एक."

ती ओरडली असती, तर त्याने ते सोसलं असतं. ती ओरडली नाही. तिने त्याच्या हातातून कागद घेतला, घडी केली. "हे पत्र तुझं आहे. माझं नाहीये ह्यात काही," ती म्हणाली, "पण मला लागणार आहे," आणि कागद पर्समध्ये ठेवला. मग खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं, किल्ली शेजारच्या घरमालकिणीकडे दिली.

जिन्याच्या तोंडाशी मोठी बॅग होती. तिचे गुडघे त्याला ठाऊक होते, म्हणून तो वाकला आणि बॅगेला हात घातला.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "माझं मी उचलते."

जिना उतरताना ती दोनदा थांबली, कठड्याला टेकून दम खाल्ला, पण तिने मागे वळून त्याला हाक मारली नाही.