स्पिरिटनं पुसलेली नावं

मंडळी, आज लॅबमधे काय झालं, ते तुम्हालाच सांगते.

कॅन्सरच्या पेशी कशा सरकतात, ते मी आमच्या लॅबमधे तपासते. पेशींनी भरलेल्या डिशमधे बारीक टोकानं ओरखडा काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पेशींनी तो किती बुजवला ते बघायचं. काल दोन डिश लावल्या. एकीत औषध होतं, दुसरीत नव्हतं. औषधानं पेशींची चाल मंदावते का, एवढंच बघायचं होतं.

आज बारा वाजता लॅबच्या प्रमुख मॅडमना त्या ओरखड्यांचे फोटो द्यायचे होते. सवयीनं दोन्ही डिश स्पिरिटनं खसाखसा पुसल्या आणि झाकणावरची मार्करची अक्षरंही गेली! कोणती कुठली, कळेना.

मायक्रोस्कोपखाली बघितलं. एकीचा ओरखडा पार बुजलेला, दुसरीचा अजून उघडा. उघडी तीच औषधाची असणार ना? बाहेर मॅडमचा आवाज आला. मी मार्कर उचलला.

शेजारच्या टेबलावरची शबाना बघत होती. तिची अम्मी वर्षभर केमो घेतेय. हळूच म्हणाली, "पक्कं माहीत होतं तर प्रयोग कायकू केला गं?"

मॅडम आत आल्या. "फोटो नाहीत, नावं पुसली गेली," मी म्हणाले. लई ओरडल्या. मग मी दोन्ही डिश ब्लीचमधे बुडवून फेकून दिल्या.

आता घरी, गारखेड्याला जाणाऱ्या रिक्षात बसून हे लिहितेय. शबाना आज रजेवर असती, तर त्या झाकणावर मी काय लिहिलं असतं, ते मला पक्कं माहीत आहे. तुमच्या शेजारच्या टेबलावर कोण बसतं?