जिनिंगमधला काठीचा क्लास

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. जिनिंगमधून घरी आलं की कपड्यांवर कापसाचे तंतू निघतात ना, तसे ते चिकटून येतात. मी ढाणकीच्या पोस्टात कारकून होते, तेव्हा दोन हिवाळे त्या क्लासला गेले. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच बातमीसाठी यायचं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या. बाहेरगावचे नातेवाईक फोनवर आवाज बारीक करून विचारायचे, "तुमच्याकडे सगळे ठीक ना?" मी त्यांना क्लासचे किस्से सांगायचे. त्यांना ते खोटे वाटायचे!

*

कापूस येईना म्हणून एका जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, शेड रिकामी पडली होती. शाळेत पीटी शिकवणारे सुहास सर पुण्याहून फिलिपिन्स देशाची काठीची कला शिकून आलेले. त्यांनी फाटकावर बोर्ड लावला: 'फिलिपिनो मार्शल आर्ट. स्वसंरक्षण. महिलांनी अवश्य यावे. संध्याकाळी पाच.'

जिनिंगचे म्हातारे चौकीदार कवडूमामा यांनी तो दोनदा वाचला.

"सर, त्या देशात कापूस होते का?"

"नाही मामा. भात आणि नारळ."

"मंग बरोबर. त्यायले काठ्या खेळाले फुरसत भेटत असन!"

*

पहिल्या दिवशी आम्ही अकरा जणी होतो. सरांनी एकेकीला विचारलं, "कशापासून संरक्षण पाहिजे?"

कवडूमामांच्या धाकट्या भावाची बायको सुमनकाकू. ती म्हणाली, "वावराच्या रस्त्यावरच्या कुत्र्यायपासून." मी म्हटलं, बसस्टँडवरच्या टवाळ पोरांपासून. सगळ्या हसत होत्या.

मग वंदनाची पाळी आली. मजुरीला जाणारी, तिशीतली, कमी बोलणारी बाई. कोणी पत्ता विचारल्यावर सांगावा तशी ती म्हणाली, "घरापासून."

कोणी हसलं नाही. सरांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "उद्या हातभर काठी घेऊन या."

*

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा जणी पऱ्हाटी घेऊन आल्या! वेचणी संपली की कपाशीची वाळलेली झाडं उपटून चुलीसाठी दारात रचलेली असतात. काठी म्हटल्यावर दुसरं काय आणणार? मीसुद्धा शेजाऱ्यांच्या ढिगातली सरळ बघून निवडून आणली होती.

सर म्हणाले, "एक!" काठीवर काठी पडली आणि शेडभर नुसते तुकडे उडाले. सर हातातल्या चार इंची बुडख्याकडे बघत राहिले.

कवडूमामांनी शांतपणे सगळे तुकडे गोळा केले, तीन विटा मांडल्या आणि त्यावर चहा ठेवला. "पयल्याच फटक्यात चूल पेटली. क्लास चांगला हाये!"

मग बुरडाकडून बांबूच्या काठ्या आणल्या.

*

या कलेत रिकाम्या हाताला मोठा मान. एका हातात काठी असते, दुसरा रिकामा हात समोरच्याचं मनगट अडवतो. त्याला 'जिवंत हात' म्हणतात. सर सारखे ओरडायचे, "सुमनकाकू, डावा हात कुठाय? जिवंत हात!"

"सर, तो पदर धरून हाये."

"का?"

काकूनं मानेनंच दाराकडे खूण केली. दारात कवडूमामा स्टुलावर बसलेले. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, हे काकूच्या अंगात बावीस वर्षं मुरलेलं.

मामांनी ते ऐकलं. उठले, स्टूल फिरवलं, रस्त्याकडे तोंड करून बसले. "शिक तू. मी गाड्या मोजतो."

त्या दिवसापासून दोन हिवाळे मामा आमच्याकडे पाठ करूनच बसले. मला त्यांचा तेव्हा फार आदर वाटला, अजून वाटतो.

*

दोन काठ्यांचा प्रकार आला आणि माझं पितळ उघडं पडलं. दोन्ही हात वेगवेगळे चालवायचे असतात. माझी डावी काठी माझ्याच कोपराला लागायची. आणि या बाया दोन दिवसांत तयार! दोन्ही हातांनी दोन बोंडं एकाच वेळी वेचायची सवय, त्यांना त्यात नवीन काय?

सुमनकाकू म्हणाली, "मॅडम, शिक्के मारून मारून तुमचा एकच हात जागी राह्यला. एक दिवस वेचाले चाला!"

मी गेले. अर्ध्या ओळीत कंबर धरली. पण हात सुटले, हे खरं.

*

वंदनाचे हात सगळ्यांत वेगवान होते. पण समोरून काठी आली की ती डोळे घट्ट मिटायची आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसायची. सरांनी वेग कमी केला. मग काठीऐवजी पेपरची गुंडाळी घेतली. तरी तेच. एकदा सरांनी नुसता कान खाजवायला हात वर केला आणि ती बसली. त्या दिवशी क्लास लवकर सुटला.

दुसऱ्या दिवशी कवडूमामांनी तोंड न वळवता मूठभर कापूस मागे धरला. "सर, हे फेका तिच्या तोंडावर. कापूस कोनाले लागते?"

मग रोज शेवटची दहा मिनिटं आम्ही वंदनावर कापूस फेकायचो. सर एकच वाक्य म्हणायचे, "वंदनाताई, डोळे उघडे."

"लागत नाही हे समजते सर," ती रडकुंडीला यायची, "तरी मिटतेच!"

पूर्ण पहिला हिवाळा असा गेला.

*

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा तिचा नवरा क्लासमध्ये आला. कवडूमामांनी त्याला तो रस्त्यावर असतानाच पाहिलं. "क्लास सुरू हाये," ते म्हणाले. तो थांबला नाही.

वंदना पदर खोचत होती, तिची काठी माझ्या हातात होती.

"घरी चाल," तो म्हणाला.

"सात वाजता येतो," वंदना म्हणाली.

त्यानं हात उगारला. सर पुढे धावले, पण ते लांब होते. मी तर जागची हलले नाही, त्याची लाज मला आजही आहे.

वंदनाचा डावा हात वर गेला आणि त्याच्या मनगटावर बसला. तिनं ढकललं नाही, मारलं नाही. त्यानं जोर लावला. हात खाली येईना. तो तिच्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे.

मग मान न वळवता, त्याचं मनगट तसंच धरून ती म्हणाली,

"सर, डोळे उघडे होते नं माहे?"