डी ड्राइव्हमधले पाडे

माझ्या कॉम्प्युटरमधला पसारा त्याने फुकट लावून दिला, असं तो दुरुस्तीवाला अजूनही स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर सांगत असतो. फुकट म्हणताना तो कप खाली ठेवतो आणि माझ्या दुकानाकडे बघतो. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ माझं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज. सुरुवात तहसील कचेरीबाहेर छत्रीखाली एका टाइपरायटरवर केली होती, आणि तो टाइपरायटरही मी मालकाला तीन चकरा मारायला लावून निम्म्यात घेतला होता. भाव पाडल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडी घेत नाही. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

माझी अर्धी गिऱ्हाइकं धडगावच्या वरच्या डोंगरातली. जीपमध्ये दाटीवाटीने घाट उतरून येतात, कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले असतात. घरात चुलीचा धूर, पावसात गळती, शिवाय उंदीर. काम झालं की म्हणतात, "बाई, एक तुझ्याकडं पण ठेव." मी ठेवते. गावाचं फोल्डर, त्यात पाड्याचं, त्यात माणसाचं. माणसाच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या चार वस्तू, ज्याच्याकडे असतील त्या: फोटो, आधार, दाखला, रेशन. नावंही तेवढीच. पेटीवर मालकाचं नाव असलं की आतल्या प्रत्येक लुगड्यावर कोण नाव घालतं?

चूक एकच होती. हे सगळं डेस्कटॉपवर होतं. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना समोर दिसेल तिथेच माणूस ठेवतो. डेस्कटॉपवरचं सगळं सी ड्राइव्हमध्ये जातं आणि सी म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या संसाराची जागा, तिथे त्याच्या कामाच्या फाइली असतात, हे मला सी भरून लाल होऊन मशीन रडायला लागल्यावर कळलं. शेजारी डी अर्धा रिकामा पडला होता.

दुरुस्तीवाला चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने सांगितलं, सी पुसून नवीन विंडोज टाकायचं, सीची जागा वाढवायची, माझा डेटा आधी डीमध्ये हलवायचा. भाव सांगितला. मी निम्मा म्हटला. अर्धा तास गेला. शेवटी तो म्हणाला, "ताई, यान्हापेक्षा कमी नही व्हणार."

"मग तेवढ्यातच सगळं नीट लावून दे," मी म्हणाले. "डीमध्ये पसारा नको."

"लाई देस," तो म्हणाला.

दोन दिवसांनी मशीन परत आलं. सी हिरवागार. मशीन पळत होतं. डी उघडला आणि मी पाहतच राहिले. गावं नव्हती. पाडे नव्हते. माणसं नव्हती. तीन फोल्डर होते: चित्रं, पीडीएफ, इतर. चित्रांत आधार, आधार दोन, आधार तीन, असे चौदाशेच्या पुढे आधार. तसेच दाखले. तसेच फोटो. त्याने गावोगावची बोचकी उघडून साड्या एकीकडे, धोतरं एकीकडे अशी रचली होती, आणि बोचकी फेकून दिली होती. नव्या सीसाठी जुना डेस्कटॉप फोल्डरांसकट पुसलेला, त्यामुळे परत फिरवायची सोय नाही.

मी फोन करून त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "तुम्हीनच सांगेल व्हतं, बठ्ठं नीट लाई दे. एक फाइल गई का? मोजी ल्या."

फाइल एकही गेली नव्हती, हेच तर दुखणं.

चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला एक बाप आणि त्याची मुलगी आली. पाडा नर्मदेच्या अंगाचा. मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती, जात पडताळणीच्या अर्जासोबत आजोबांच्या शाळेचा जुना दाखला जोडायचा होता, आणि मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. मूळ कागद होडीतून येताना भिजून त्याचा लगदा झाला होता. पण गेल्या वर्षी मी तो स्कॅन केलेला.

"तुझ्याकडं आहे ना," बाप म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

"आहे," मी म्हणाले.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो आला, खुर्ची ओढून बसला, मुलीच्या आजोबांचं नाव शोधायच्या चौकटीत टाकलं. काही नाही. नाव फोल्डरवर होतं, फाइलवर कधीच नव्हतं. मग एकेक दाखला उघडायला लागला. निम्मे हाताने लिहिलेले, शाई उडालेली. मुलगी मागे उभी राहून प्रत्येकाला नाही म्हणत होती. पावणेतीन झाले तेव्हा साठसुद्धा पाहून झाले नव्हते.

"ताई, आशे कितलं देखाडशात?" तो म्हणाला.

"तूच लावलंस ना नीट. बघ."

वैतागून मी फोटोंचा भाग उघडला. सगळे चेहरे एकदम पडद्यावर आले, विडीच्या बंडलासारखे चिकटून. मी भराभर खाली सरकवत होते. बाप, ज्याला अक्षर येत नाही, तो पुढे वाकला.

"थांब. हा मांडवीकडचा. त्याची बायको पण... ती बघ बाजूला."

मी थांबले. बाजूला खरंच बायको. तिच्यापुढे त्यांचा मुलगा.

"पुढं चल," बाप म्हणाला. "हे वरच्या पाड्याचे. हा आमच्या मामाचा व्याही. अजून खाली. आता नदीकडचे आले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कॉम्प्युटरने फाइली उचलताना माझ्याच क्रमाने उचलल्या होत्या. गावामागे गाव, पाड्यामागे पाडा. नावं पुसली होती, शेजार तसाच होता. ज्याला चेहरे ओळखू येतात त्याच्यासाठी तो अख्खा डोंगर तिथे बसलेला होता.

बापाने स्वतःच्या वडिलांच्या फोटोवर बोट ठेवलं. फोटो नऊशे बारा. दाखल्यांचा क्रमही तोच, पण प्रत्येकाकडे दाखला असतोच असं नाही, म्हणून दाखल्यांत मी थोडी मागे गेले, सातशेपासून धरलं. दुरुस्तीवाला उघडत होता, मी गावाचं नाव वाचत होते. दोनदा पाडा चुकला, एकदा पुढे निघून गेलो. चार वाजून गेल्यावर सातशे अठ्ठेचाळीस उघडला आणि मुलीने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून "हाच" म्हटलं.

अर्ज वर चढला तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. पोचपावती छापून मी तिच्या हातात दिली.

दुरुस्तीवाल्याने घाम पुसला. "मी तं चांगलंच करेल व्हतं," तो पुटपुटला. डेटा लावायच्या ज्या कामाचा मी भाव केला नाही, ते काम काय आहे हे त्याला मी सांगितलंही नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं होतं. ते त्याला सांगायची मात्र आजही माझी तयारी नाही.

बापाने पोचपावती मुलीच्या हातातून घेतली आणि परत माझ्यासमोर ठेवली.

"ही पण ठेव बाई. आमच्या पाड्यातच ठेव."

मी डीमध्ये नवं फोल्डर केलं. गाव, त्यात पाडा, त्यात त्या मुलीचं नाव. दुरुस्तीवाला बघत होता.

"ताई, पोचपावती पीडीएफना फोल्डरमझार..."

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने माउसकडे नेलेला हात मागे घेतला.